उजव्या पिळाची दोरी

१३ ऑक्टोबर, सोमवार
आज कामावर रुजू झाले. डोंगराच्या पायथ्याशी दीडशे वर्षांचा हानोक आहे, जुन्या कोरियन धाटणीचं घर. कडांना उचललेलं कौलारू छप्पर, कागदी दारं, बागेत लगडलेलं पर्सिमनचं झाड, मागच्या ओट्यावर सोयासॉसचे बावीस रांजण. शनिवारपासून इथे पाहुणे मुक्कामाला येतील. त्यांची सगळी व्यवस्था माझ्याकडे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. अशी घरं पाडू द्यायची नाहीत, हे मी कॉलेजातच ठरवलं होतं.

शुक्रवारी आईला बोलावलं आहे. तीस वर्षं तिने मासळीबाजारात मासे साफ केले, पण पाहुणी म्हणून कुठे एक रात्रही राहिली नाही. तिला चुलीलगतची खोली देईन. चुलीची धग जमिनीखालून जाते, म्हणून तिथली जमीन सगळ्यात ऊबदार असते.

स्वयंपाक मल-सुन मावशी करतात. त्या याच गावच्या. माझं वेळापत्रक पाहून म्हणाल्या की एवढ्या रेघा मारण्यापेक्षा मुळे चिरले असते तर लोणचं तरी झालं असतं.

१४ ऑक्टोबर
मावशी बाजारात गेल्यावर रांजणांचा ओटा घासला. कोपऱ्यातल्या रांजणाला पेंढ्याची दोरी होती, मिरच्या आणि कोळसे ओवलेली, कुजून काळी पडलेली. वाईट नजर लागू नये म्हणून रांजणाला अशी दोरी बांधतात हे मला ठाऊक आहे, म्हणून नुसती काढून टाकली नाही. शेतीच्या दुकानातून नवी आणली, ताज्या लाल मिरच्या ओवून बांधली. जुनी चुलीत घातली. ओटा आता फार सुंदर दिसतो.

१५ ऑक्टोबर
परसातल्या आठही कोंबड्या मेल्या. माना पिळलेल्या, दोन-दोन वेढे. मी म्हटलं, रानमांजर असेल. मावशी ओट्यावर गेल्या, दोरी चिमटीत धरून पाहिली आणि खाली बसल्या.

"ही उजव्या पिळाची आहे गं पोरी. हिने भाताचे भारे बांधतात. त्या रांजणाला डाव्या पिळाची लागते, हाताने वळलेली."

मग सांगितलं. युद्धाच्या वर्षी इथल्या गड्याने घरातल्या सहाजणांचे गळे दाबले. गावाने त्याला धरून मनगटांपासून हात तोडले. धड पुरलं. हात मात्र मिठात घालून रांजणात बंद केले, कारण ते तोडल्यावरही थांबत नव्हते.

रांजणाचं झाकण खाली पडलं होतं. आत नुसतं काळं पाणी.

मावशींनी पेंढा भिजत घातला. म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत दोरी वळून होईल.

१६ ऑक्टोबर
फाटकाशी बांधलेला कुत्रा मेला. जबडा फाडलेला. कागदी दारांना भोकं पडली आहेत, ओल्या बोटाने पाडतात तशी. कडांना सॉसचे तपकिरी डाग.

आईला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. ती हसून म्हणाली, "बरोबर आहे बाळा. मोठ्या लोकांचं घर ते. माझ्या अंगाला मासळीचा वास येतो."

मी म्हटलं, ये.

१७ ऑक्टोबर, सकाळी ९
मावशी ओट्यावर. दहाही बोटं उलटी मोडलेली. अर्धी वळलेली दोरी तोंडात कोंबली आहे, पार घशापर्यंत. मान —

पोलिसांना कळवलं. तासाभरात येतो म्हणाले. आई बसमध्ये आहे. फोन उचलत नाही.

९.३५
आई आली. हातात चार डबे. फाटकातच अडवलं, परत जा म्हटलं. सगळं खरं सांगितलं. तिचा विश्वास नाही बसला. म्हणाली, लाज वाटते तर सरळ सांग —

तेवढ्यात माझं मनगट धरलं. मागून. थंड, खारट वासाच्या बोटांनी —

आईला बाहेर ढकललं. फाटक लावलं. घरात पळाले.

९.५०
डाव्या हाताने लिहिते आहे. पोलिसांना कळावं म्हणून. उजव्या हाताची तीन बोटं उपटून नेली. रक्त थांबत नाही.

दाराला पाठ लावून बसले आहे. ते पलीकडे आहेत. एक भोक. आणखी एक. ते इथे आहेत तोवर आई —

फाटक वाजलं.

आई हाक मारते आहे. परत आली. म्हणते, चुकलं गं माझं, आले मी —

दारावरचे हात थांबले.

आता इथे नाहीत. अंगणातली खडी वाजते आहे. तिच्याकडे —

मी दार उघडून