फोरमनना बोलतं करायची युक्ती

तीर्थरूप बाबांना,
दुरूनच, पण अगदी वाकून नमस्कार.

माझं इथे उत्तम चाललंय. खोलीत भरपूर ऊन येतं. कारखान्यातल्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिण्यात मी आता चांगलीच मुरले आहे.

फक्त बॉयलरचे जुने फोरमन दाद देत नव्हते. काहीही विचारा, "सगळं ठीक चालतं," एवढंच उत्तर. अगदी तुमच्यासारखं! शेवटी मी विचारणंच सोडलं. झडपा उघडायचा क्रम मुद्दाम उलटा लिहिला आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आले. तासाभरात स्वारी माझ्यासमोर हजर! "हे कोणी लिहिलं? बॉयलर उडवायचाय का?" मग दोन तास घडाघडा बोलले. माझं पुस्तक पूर्ण झालं.

दादा म्हणतो, तुम्ही त्यालाही फोनवर "ठीक आहे" इतकंच सांगता. चुकीचं लिहिलेलं तुम्हाला बघवत नाही, हे माझ्या शाळेच्या वह्यांना विचारा. म्हणून खाली लिहिते:

आई गेल्यापासून बाबा दोन्ही वेळा पोटभर जेवतात. गोळ्या चुकवत नाहीत. घर त्यांना खायला उठत नाही.

चुकलं असेल तिथे खोडा आणि हेच पत्र मला परत पाठवा.

तुमची,
धाकटी