झाकलेला फासा

५ जानेवारी १९९७, रविवार
सकाळच्या यष्टीनं केजहून युसूफ वडगाव. उद्धवच्या माडीवर फाशांच्या खेळाला बसलो, नेहमीचे तिघं: तो, रज्जाक, मी. मी वहीत भुयार लिहून नेतो, ते दोघं विचारत विचारत आत शिरतात. आज सातवी खोली. मोठ्या उंदरांनी उद्धवचा मांत्रिक खाल्ला. दोनच जीव होते त्याला, म्हणजे दोन घाव सोसण्यापुरते. पहिल्या पायरीच्या माणसाला असतात किती? तीन वर्षांत उद्धवचा हा अकरावा. हसत नाव खोडलं आणि लगेच नवा केला. भिवा चोर, तीन जीव.

रज्जाक म्हणाला, "एकांदा सोड की बे शिवा, दर येळी मास्तरलाच मारतोस." (हा घड्याळं दुरुस्त करतो, नाजूक हात, खेळात मात्र पहिलवान.)

उद्धवच म्हणाला, "न्हाई. फासा ताटात, सगळ्यांसमोर. पडला तो पडला. नसता मग खेळायचं कावून? गोष्टच सांगत बस म्हणावं."

नियम त्याचाच. चुलतभावानं पुण्याहून तो इंग्रजी खेळाचा डबा माझ्याकडे आणून टाकला तेव्हापासूनचा.

पेरू खाताना उद्धवच्या हिरड्यांतून रक्त आलं. रोजचंच हाय म्हणाला. दुकानातून जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवीन म्हणालो.

१९ जाने., रवि.
गोळ्यांनी फरक नाही. दंडावर निळे डाग. "पडदा बांधताना लागलं असंल." शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा एकट्यानं रंगवतोय, चित्रकलेचा मास्तर एकच. आठव्या खोलीचा नकाशा काढताना दोनदा भिंतीला टेकला. रेघ तरी सरळ. त्याच्यासारखा नकाशा कुणाला जमत नाही. मी तोंडानं सांगतो आणि कागदावर माझ्या वहीतल्यासारखंच उतरतं.

सुमनवहिनी जिन्यात चहा घेऊन थांबल्या होत्या, ऐकत. विचारलं तर म्हणाल्या, "तुमी बोलत ऱ्हावा. यांचा आवाज मोठा झाला की बरं वाटतंय."

२७ जाने., सोम.
काल झेंडावंदनाला उद्धव पडला. पोरांच्या रांगेपुढंच. आबांनी, त्याच्या थोरल्या भावानं, जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं. रज्जाकचा फोन आला, दुकानात गर्दी होती, नीट ऐकू आलं नाही. गोळ्या देणारा मी. औषधाच्या दुकानात आठ वर्षं बसतो. हिरड्या, डाग, थकवा. दिसत होतं की

३ फेब्रु., सोम.
आबा दुकानात आले. उद्धवपेक्षा बारा वर्षांनी मोठे, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. घर, शेत, सोसायटी, सगळं तेच बघतात. बाप गेल्यावर उद्धवला त्यांनीच शिकवलं. काउंटरवर कागद ठेवला. "वाच."

वाचला. पांढऱ्या पेशींचा आकडा दोनदा वाचला.

"रक्ताचा कॅन्सर म्हणाले. बार्शीला न्यायचं सांगितलंय. बरा हुईल का ते बघू म्हणले, न्हाई म्हणले न्हाईत." मग कागदाची घडी घातली. "त्याला सांगायचं न्हाई. सुमनला बी न्हाई. लहानपणापासून हळवं हाय ते. कळलं तर हातपाय गाळंल."

मी म्हणालो, "आबा, तो शिकलेला माणूस आहे."

"म्हणूनच."

माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगावर शपथेसाठी हात ठेवायला लावला. ठेवला. त्यांचे डोळे बघून ठेवला.

९ फेब्रु., रवि.
खेळ आता माडीवर नाही, खाली, बाजेवर. "रक्त कमी हाय, बार्शीला ताकदीच्या सुया देतेत" असं त्याला सांगितलंय. मीही तेच सांगितलं. खोटं बोलायला अवघड जात नाही, एवढंच कळलं.

चांगलं एक: सुमनवहिनी खेळायला बसल्या. उद्धवनंच बसवलं. मशाल धरायला माणूस लागतो म्हणून गंगू नावाची बाई केली, एक जीव. भिवा आणि पहिलवान दाराशी हुज्जत घालत होते. वहिनी म्हणाल्या, "आधी काठीनं ढोसून तर बघा." ढोसलं. वरून दगड आला. काठी मोडली, माणसं वाचली. उद्धव इतका हसला की खोकला आला.

२३ फेब्रु., रवि.
बार्शीच्या दोन खेपा झाल्या. उशीवर केस. वहिनी उशी पालथी घालतात, त्याला दिसू नये म्हणून. त्याला ते दिसतं.

विचारलं त्यानं, "ताकदीच्या सुयानं केस जातेत का रे?"
"काहींचे जातात."
"तुला माहीत."

रज्जाकला कुणी सांगितलेलं नाही, पण परत येताना स्टँडवर म्हणाला, "मला इचारू नको, मी बी इचारत न्हाई."

९ मार्च, रवि.
नीट लिहून ठेवायला पाहिजे.

अकरावी खोली. दगडी पेटी. कुलपात विषारी सुई. हे मी डिसेंबरमध्ये लिहिलेलं, तेव्हा त्याला काहीच नव्हतं. भिवानं कुलूप उघडलं, सुई लागली. वीस बाजूंच्या फाशावर तेरा किंवा वर पडले तर जगला. उद्धव आपला फासा स्वतःच टाकतो. आज सलाइननं हात सुजलेला. म्हणाला, "तूच टाक."

मी वही उभी धरली आणि तिच्यामागं गोधडीवर टाकला. चार.

"सोळा," म्हणालो.

वहिनींना हायसं झालं. रज्जाक खाली बघत राहिला. उद्धवनं पेटीत काय आहे ते विचारलं, नकाशावर खूण केली, अर्धा तास खेळला. मग दोघं चहाला आत गेल्यावर:

"किती पडले?"
"सोळा."
"ताट वाजलं न्हाई, शिवा."

मी वहीचं पान उलटलं.

"तीन वर्सांत तू एकदाबी झाकला न्हाईस. माझी अकरा माणसं मारलीस, लाज वाटली न्हाई तुला. आता कावून?" मग हळू आवाजात, "रिपोर्ट बघितलास तू."

एक शब्द बोललो नाही. शपथ मोडली नाही असं म्हणता येईल. पण हात आपोआप गळ्याशी गेला आणि त्यानं ते बघितलं.

"आबानं घातली का शपथ? बरं." छताकडं बघत राहिला. "मला वाटलंच होतं. पण वाटणं येगळं. भिवाचं नाव खोड."
"राहू दे आज."
"खोड. चार पडले का तीन?"
"चार."
"मग मेला की तो."

खोडलं. वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हा तो नव्या माणसासाठी फासे टाकत होता, सुजल्या हातानं, ताटात. जीव एक आला. चालतंय म्हणाला.

१० मार्च, सोम.
दुकानात दिवसभर चुका. एका बाईला भलत्याच ताकदीच्या गोळ्या देणार होतो, तिनंच ओळखलं.

१४ मार्च, शुक्र.
आबा आले, या वेळी बसले नाहीत. उद्धवनं बार्शीला जायला नकार दिलाय. जीप दारात उभी होती, म्हणाला, "कशाला नेता ते आधी तोंडानं सांगा, मग बसतो." आबांच्यानं सांगवेना. मग त्यानंच सगळ्यांसमोर सांगितलं. वहिनी तिथंच खाली बसल्या म्हणे.

"सख्ख्या भावावानी समजलो तुला. एक काम सांगितलं व्हतं."
"मी काही बोललो नाही, आबा."
"न बोलता सांगितलंस. त्याला तरी कुठं न्यायचं आता? सुई घेणार न्हाई म्हणतोय. तुज्यामुळं. आमच्या उंबऱ्याला पाय लावू नको."

गिऱ्हाइकं ऐकत होती. आबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

१६ मार्च, रवि.
गेलो नाही. आई म्हणाली, आज घरी कसा?

२३ मार्च, रवि.
होळी. दुपारी रज्जाक सायकलवर वडगावहून आला, एवढ्या उन्हात. उद्धव उठून बसतो, जेवत नाही, बार्शीचं नाव काढू देत नाही. निरोप एकच: भुयाराची वही दे.

खेळणाऱ्यानं वही बघायची नसते. तीन वर्षांत त्यानं कधी पान उलटलं नाही. मी रज्जाकला म्हणालो, "पुढचं वाचून मग खेळणार काय?" रज्जाक माझ्याकडं बघत राहिला. मग मला समजलं: पुढं खेळायला मिळेलच असं त्याला वाटत नाही.

वही दिली.

२५ मार्च, मंगळ.
वही परत आली. चौदाव्या खोलीनंतरच्या कोऱ्या पानावर त्याच्या अक्षरात: "याच्या पुढं कायच न्हाई? मला वाटायचं तू खालपर्यंत सगळं लिहून ठेवलंस. लिही."

खरं आहे. मी कायम तीन-चार खोल्या पुढं असायचो, बस. त्याला हे माहीत नव्हतं.

२ एप्रिल, बुध.
रोज दुकान बंद केल्यावर लिहितो. सतरा खोल्या झाल्या. सोप्या लिहायला बसलो तर हात धजत नाही; तो ओळखेल. आज एका खोलीत नुसती विहीर लिहिली, पाणी गोड, धोका काही नाही. तेवढी राहू दिली.

मनात एकच: फासा ताटात टाकला असता तर? भिवा मेला असता, उद्धव हसला असता, सुया चालू राहिल्या असत्या. किंवा आधीच, त्या ३ तारखेला, लिंगावर हात ठेवलाच नसता तर. दोन्हीकडून मीच.

८ एप्रिल, मंगळ. पाडवा.
वहिनी दुकानात आल्या, एकट्या, यष्टीनं. सणाच्या दिवशी. गुढी उतरायच्या आत परत जायचं म्हणाल्या, पाणीसुद्धा उभ्यानं प्यायल्या.

"शिवाभाऊजी, ते बार्शीला जायला तयार झालेत."
"कसे?"
"मी सांगितलं, मला बी कुणी काय सांगितलं न्हाई. म्हैनाभर तुमचे केस झाकत व्हते आन मला वाटायचं सुयाच कडक असतील. आता कळलंय तर मला येकटीला सोडून हट्ट करू नका." डोळ्यांना पदर लावला, लगेच काढला. "पर त्यांची अट हाय. तुमी बरोबर पायजे. डाक्टर इंग्रजीत बोलले तर तुमी जसंच्या तसं सांगायचं."

"आणि आबा?"
"जीप त्येच चालिवनार हायेत. बोलनार न्हाईत तुमच्यासंगं. चालंल का?"

चालेल म्हणालो.

१४ एप्रिल, सोम. बार्शी.
कळंबमार्गे आलो. आबा गाडी चालवत होते, मी मागं, उद्धवचं डोकं माझ्या खांद्यावर. हलका झालाय. वहिनींनी एकदा संत्रं सोललं, चौघांना वाटलं, आबांनीही घेतलं.

डॉक्टर तरुण आहेत. उद्धव खुर्चीत सरळ बसून म्हणाला, "मला सगळं माहीत हाय. ह्यांच्यासमोर बोला." मग विचारलं, "मी म्हैनाभर आलो न्हाई. त्यानं काय बिघडलं?"

डॉक्टर मराठीतच बोलले, माझी गरज पडली नाही. बिघडलंय. किती, ते आजच्या तपासणीवर कळेल. वेळच्या वेळी चालू राहिलं असतं तर नक्की बरं झालं असतं असंही सांगता येत नाही.

वहिनी त्याच्याबरोबर आत गेल्या. बाहेरच्या बाकावर आबा आणि मी. तासभर तरी. मग समोरच्या भिंतीकडं बघत आबा म्हणाले, "त्या दिशी कागद तुज्याकडं आनला. मला वाचता येत न्हाई आसं न्हाई. डाक्टरनं तोंडी सांगितलंच व्हतं. येकट्याला धरवत नव्हतं."

"मलाही धरवलं नाही, आबा."

"व्हय."

नर्स दार उघडून म्हणाली, पेशंट बोलावतोय. कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. आम्ही दोघंही उठलो.