फाटकाबाहेरचा माणूस

७ फेब्रुवारी

प्रिय बारके,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. कॉन्व्हेंटमधल्या भूगोलाच्या सिस्टरांनी पत्राचा मायना असा घोटून घेतला होता की शत्रूला लिहितानाही हात तिथूनच सुरुवात करतो. तेव्हा त्यातून भलता अर्थ काढू नकोस. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, चष्मा जाड झालाय, समोरच्या शिक्षिकाबाई रोज सकाळी दार वाजवून मी जिवंत असल्याची खात्री करून घेतात. तूही बरी असशील. तीन वर्षांची विचारपूस एका दमात झाली.

आता मुद्द्याचं. त्या प्रश्नमंजुषेच्या वेबसाइटवर चौदा नंबरची परीक्षक म्हणून जी कोणी बसते, ती तू आहेस. मला कळलंय.

कसं कळलं ते सांगते. गेल्या महिन्यात मी अंतिम फेरीत पोचले. आपला झेंडा नावापुढे लावून तिथवर गेलेली मी पहिलीच. 'शेवटचा बाक' हे टोपणनाव तूच मला सुचवलं होतंस, हा खेळही तूच मला लावलास, त्यामुळे ते कोण हे तुला ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस. समोर तुमच्याकडचा, तू जिथे स्थायिक झालीस त्या देशातला, एक बाप्या होता, 'गवत कापणारा' नावाचा. नावाला साजेसं ज्ञान. पण प्रश्नच सगळे त्याच्या अंगणातले. तुमच्याकडच्या कुठल्या बिस्किटाला मधोमध भोक असतं. तुमच्या कुठल्या महामार्गावर सगळ्यात लांब बोगदा आहे. चाळीस वर्षांपूर्वी तुमच्या टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमात जो माणूस गोष्टी सांगायचा, त्याच्या स्वेटरचा रंग कोणता. आणि याला म्हणायचं आंतरराष्ट्रीय. तीस देशांचे लोक खेळायला बोलवायचे आणि यजमानांच्या फडताळात काय काय आहे ते विचारायचं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

तरीही मी बरोबरीत होते. स्वेटरचा रंगसुद्धा सांगितला. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला परक्यांच्या घरातल्या गोष्टी लक्षात ठेवायची खोड असते.

शेवटचा प्रश्न असा: 'घरात कुणी अचानक कोसळलं. तुम्ही कोणते तीन आकडे फिरवाल?' वेळ सात सेकंद. कुठल्या देशात, ते लिहिलेलं नव्हतं. लिहायचं कशाला, जग म्हणजे तुमचीच गल्ली ना.

मी आपले आकडे लिहिले. चूक. गवत कापणारा जिंकला.

मी हरकत घेतली. सभ्य भाषेत, सिस्टरांना अभिमान वाटला असता अशा इंग्रजीत लिहिलं, की प्रश्नात देश नाही, तेव्हा प्रत्येक देशाचं उत्तर बरोबर धरायला हवं. दोन दिवसांनी उत्तर आलं. 'हरकत फेटाळली. फाटकाबाहेरच्या माणसाला विचारून बघा. परीक्षक चौदा.'

बारके, हे वाक्य अख्ख्या जगात दोनच बायका बोलू शकतात, कारण तिसरी, भूगोलाची सिस्टर, केव्हाच देवाघरी गेली. शुक्रवारी दोन्ही वर्गांच्या एकत्र तासाला आपण प्रश्न काढून न्यायचो, आणि तिला न आवडलेल्या प्रत्येक प्रश्नावर ती हेच म्हणायची. फाटकाबाहेरच्या साध्या माणसाला जे येईल तेच विचारा. मग स्वतः त्या जाड लाल पुस्तकातून तिच्या देशातल्या नद्या आणि बर्फातले पक्षी विचारायची. आपल्या घराच्या मागच्या झाडावर कोण ओरडतंय ते आपल्याला सांगता येत नव्हतं, पण न पाहिलेल्या पाखराच्या छातीचा रंग तोंडपाठ.

तू एकदा खरंच फाटकाबाहेर गेलीस, आठवतं? नऊ वर्षांची असशील. तिथे सायकलवाला बसायचा. त्याला तू विचारलंस, बर्फात राहणारा लाल छातीचा पक्षी कोणता. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. म्हणाला, ''बाळ, मला त्याचं काही ठाऊक नाही. पण त्याचं पंक्चर झालं तर घेऊन ये.'' तू वर्गात येऊन हे जसंच्या तसं सांगितलंस आणि सबंध तास बाकावर उभी राहिलीस. घरी येताना मला म्हणालीस, ''ताई, सिस्टरांचं फाटक वेगळं आहे.'' मी ते कधी विसरले नाही. एवढ्याशा पोरीला जे कळलं, ते बासष्टाव्या वर्षी परीक्षकाच्या खुर्चीवर बसल्यावर कळेनासं झालं. कुंपणच शेत खायला लागलं. आता तू त्या फाटकाच्या आत उभी आहेस, आणि बाहेर मी.

हरलेल्या खेळासाठी एवढी शाई घालवत नाहीये. तो प्रश्न कोणता होता ते तुला दिसलं होतं. दिसूनही तू हरकत फेटाळलीस.

तुमचे तीन आकडे मला माहीत नव्हते असं समजू नकोस. ते मला माझ्या जन्मतारखेपेक्षा पक्के माहीत आहेत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती आठ महिने तुझ्याकडे होती. तू ते फ्रिजवर चिकटवलेस. पाढ्यासारखे तिच्याकडून म्हणून घेतलेस. ती परत आली ती तेच घोकत. ''तिकडे तीन बटणं दाबली की माणसं धावत येतात गं,'' म्हणायची, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आणि इथे, तिच्या स्वतःच्या पलंगावर, छातीत कळ आली तेव्हा तिनं तुझेच आकडे फिरवले. चार वेळा. फोनवर अजून दिसतात. मी ते पुसलेले नाहीत. आई गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी तो फोन दाखवला आणि सांगितलं, की हे बघा, धाकटीनं काय शिकवून पाठवलं. मी औषधाच्या दुकानात गेले होते, पंधरा मिनिटं, नाहीतर ही वेळच आली नसती. तुलाही फोनवर तेच सांगितलं होतं. तेव्हा आवाज चढला होता, पण त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही.

तर ते आकडे मी माझ्या बोटांनी लिहिणार नव्हते. जिंकायचं असतं तरी नाही.

वेबसाइटचा नियम तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल. नातेवाइकाची हरकत परीक्षकानं हातात घ्यायची नाही. घेतली तर खुर्ची जाते, कायमची. तुझे यजमान गेल्यापासून तुझा सगळा दिवस तिथेच जातो, असं मावसबहिणीकडून कळलं. ते ऐकून वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. माझी तक्रार लिहून तयार आहे. आपल्या शाळेचा फोटोही जोडलाय, तू आणि मी शेजारी. महिनाभर थांबते. तोवर तू माझी हरकत मान्य करून, ते आकडे फक्त तुमच्याच फाटकातले आहेत असं जाहीर लिहिलंस तर ठीक. नाहीतर पाठवते.

औषधाच्या दुकानाचं मी वर लिहिलंय. ते तुला पुन्हा पुन्हा सांगायची मला गरज नाही.

तुझी थोरली बहीण


४ मार्च

बारके,

मायना घालत नाही.

तुझं पत्र परवा आलं. एवढ्या माझ्या शिव्याशापांना तुझा अर्धा कागद. मला वाटलं होतं चार पानं भांडशील, निदान मला खडूस तरी म्हणशील. लहानपणी माझ्या एका चिमट्याला तुझे तीन ओरखडे असायचे. चहा ठेवला, चष्मा पुसला, भांडायला सरसावून बसले, आणि वाचायला इतकंच.

तू लिहिलंयस: 'ताई, तू म्हणतेस ते खरं आहे. प्रश्न एकतर्फी होता. दुसऱ्या कुणाची हरकत असती तर मी मान्य केली असती. पण आईनं चार वेळा तेच उत्तर दिलं होतं. एकदा तरी ते बरोबर ठरू दे, असं वाटलं. तक्रार जरूर पाठव. खुर्ची जाईल, जाऊ दे.'

आणि खाली, बारीक अक्षरात: 'परीक्षकाला सगळ्यांचे जुने सामने तारखेवार बघता येतात. मी तुझे कधी उघडले नाहीत. उघडणारही नाही.'

चहा तसाच गार झाला.

मला आधी राग आला. हा तुझा जुना डाव. मार खाऊन घ्यायचा आणि समोरच्यालाच लाज आणायची. शाळेतही सिस्टरांसमोर तू निमूट उभी राहायचीस आणि पट्टी माझ्याच हाताला लागल्यासारखी वाटायची. दोन दिवस मी घरभर तुझ्याशी भांडले. शिक्षिकाबाईंनी दार वाजवून विचारलं, ''कोण आलंय?'' म्हटलं, ''बहीण.'' त्या आत डोकावल्या आणि परत गेल्या.

आज लिहायला बसलेय. एका बैठकीत लिहिणार आहे. थांबले तर पुन्हा औषधाच्या दुकानात जाईन.

एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की हेडफोन एकाच कानावर ठेवायचा. दुसरा कान मोकळा. सुपरवायझरनं हाक मारली तर ऐकू यायला हवी. तीस वर्षं तशी बसले. निवृत्त झाल्यावर खेळायला लागले तेव्हाही हेडफोन तसाच, उजव्या कानावर. डावा उघडा. तो बंद करताच येत नाही मला.

त्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत खेळत होते. दुकानात गेले नव्हते. औषधं आदल्या दिवशीच आणली होती.

आईच्या खोलीतून बटणांचे आवाज आले. आकड्यांचे सूर मला पाठ आहेत, प्रत्येकाचा वेगळा. तीन सूर, थांबून पुन्हा तीन. तुझे आकडे. मला वाटलं, चालला हिचा पाढा. तसं ती अधूनमधून करायची, कंटाळा आला की. मी मनात म्हटलंही, की इतकी वर्षं हिला मी सांभाळतेय आणि ही जप करते धाकटीच्या गावाचा. मग तिनं हाक मारली. ''ताई.'' फार मोठ्यानं नाही. मी म्हटलं, ''आले गं.''

नववा प्रश्न पडद्यावर होता. सात सेकंद. म्हटलं, हा होऊ दे.

तिनं पुन्हा हाक मारली की नाही, हे मला सांगता येत नाही, आणि हे मी खोटं बोलत नाहीये. सूर मात्र पुन्हा आले. दहावा प्रश्न झाला, अकरावा झाला; दर प्रश्नानंतर सगळ्यांची उत्तरं गोळा व्हायला तीन मिनिटं जातात. बाराव्याला मी उठले. ती पलंगाच्या कडेला होती, फोन मांडीवर. तिच्या हातून तो काढून घेऊन मी आपले आकडे फिरवले. पहिल्या घंटेला उचलला. माणसं धावत आली, बारके. आपल्याकडेही येतात.

डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांनी कदाचित काही फरक पडला नसता. त्यांनी 'कदाचित' किती हळू म्हटलं ते मला अजून ऐकू येतं.

आणखी एक. तू तिला तुमचे आकडे शिकवलेस, कारण तुला वाटलं, आपण कामावर असताना तिला काही झालं तर. मी तिला आपले कधीच शिकवले नाहीत. तीस वर्षं अनोळखी माणसांना तेच आकडे जोडून देत होते, झोपेतही हात तिकडे जाईल. पण आईकडून पाठ करून घ्यावे असं कधी मनात आलं नाही. मी घरात होते ना.

मग लोक आले भेटायला, कोणीतरी विचारलं, ''तुम्ही कुठे होता?'' आणि तोंडातून दुकान निघालं. फोन हातात होताच, तो दाखवला. एकदा दाखवल्यावर प्रत्येकाला दाखवावा लागला. तुला केलेल्या फोनवर तर माझ्या आवाजात कोण बोललं कोण जाणे. तू आक्रस्ताळेपणा केला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू एवढंच म्हणालीस, ''ताई, तू जेवलीस का?'' मी फोन आपटला.

तुझ्या वेबसाइटवर मी अजून रागावलेली आहे. ते बिस्किटांचे आणि बोगद्यांचे प्रश्न मूर्खपणाचे आहेत, आणि खुर्चीवर राहणार असशील तर ते आधी बंद कर. देश लिहिल्याशिवाय एकही प्रश्न पुढे जाऊ देऊ नकोस. मी वेबसाइटला सुचवलेले आणि तिथे फेटाळले गेलेले बारा प्रश्नही पुन्हा वाच. त्यातले चार तरी चांगले आहेत. सायकलवाल्याला आले असते असे.

तक्रार मी फाडली. फोटो काढून घेतला, तो भिंतीवर लावलाय. हरकतही मागे घेतली आहे, तसं वेबसाइटला आजच कळवलं. गवत कापणारा जिंकला, तर जिंकू दे. आईचं उत्तर बरोबर राहील.

पण तू माझा तो सामना उघड. नाही म्हणू नकोस. तारीख तुला माहीत आहे. नववा प्रश्न बघ, अकरा वाजून वीस मिनिटं. तुमच्या टीव्हीवरच्या त्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाच्या कुत्र्याचं नाव विचारलं होतं. माझ्या देशात तो कार्यक्रम कधी लागलाच नाही, तरी मला येत होतं. सातातले तीन सेकंद शिल्लक होते. पुढे हिरवी खूण दिसेल तुला.

मी बरोबर उत्तर दिलं होतं.

जिला हाक ऐकू आली होती,
ती ताई