हेतलनं ओळखलेली खिरापत

प्रिय हेतल,

पाकीट बघून तुला आधी हसूच येईल. हातात फोन असताना ही बया कागद कुठून घेऊन आली, असं म्हणशील. पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू एक लाल बदाम पाठवून मोकळी झाली असतीस. कागदाला बदाम पाठवता येत नाही, तो वाचावाच लागतो. तुझ्या पप्पांच्या दुकानात ठेवून जाणार आहे. त्यांनी विचारलं तर सांगेन, लग्नाच्या शुभेच्छा आहेत. त्या आहेतच, मनापासून. भावेशचा फोटो पाहिला. चेहऱ्यावरून तरी समजूतदार वाटतो. तुझ्याबरोबर राहायचं तर त्याला ते लागेलच.

रविवारी तू त्याला घेऊन पत्रिका द्यायला येणार म्हटल्यापासून आमच्या विचुंब्याच्या घरात जे चाललंय ते तू बघायला हवंस. तुझा फोन नेमका आईच्या मोबाईलवर आला, आणि तू विचारलंस म्हणे, "काकी, ओळखलंत का?" त्यावर आईचं उत्तर सगळ्या आळीला ऐकू गेलं: "तुला नाय वळखनार त कोनाला वळखनार गं बाय!" तेव्हापासून तिच्या डोक्यात तुझं केळवण शिरलंय. भावेशच्या घरी कांदालसूणसुद्धा चालत नाही हे कळल्यावर तिने पनवेलच्या बाजारातून नव्या ताटवाट्या आणल्या, आणि त्यांना अजून मासळीचा हात लागू दिलेला नाही असं येईल त्याला सांगते. बाबांना बजावून ठेवलंय, रविवारी या घरात मासळी शिजणार नाही. आगरी माणसाला रविवारी वरणभात, तोही स्वतःच्या घरात! बाबा म्हणाले, "हेतलसाठी हाय ना, मंग चालंल." तुझ्यावर किती जीव आहे बघ या लोकांचा. म्हणूनच हे पत्र तुला रविवारच्या आधी मिळायला हवं.

माझं म्हणशील तर यंदा पदवी हातात पडली. नवीन पनवेलमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलेय. दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि संध्याकाळी शेअर रिक्षाने घरी येते. रिक्षा आपल्या शाळेवरून जाते. दुपारपाळी सुटलेली असली की दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनी लावलेल्या मुलींचा लोंढा रस्त्यावर येतो आणि रिक्षावाला हॉर्न वाजवून थकतो. त्या एकमेकींच्या गळ्यात हात टाकून मधूनच चालत असतात. मी बघत बसते. खरं सांगू? मला ती शाळा अजून आवडते, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

बाबांनी मला तिथे का घातलं माहीत आहे ना? "पोरींची शाला हाय, कसली भीती नाय." गावातल्या सगळ्यांचं हेच म्हणणं. आणि होतंही तसं. मोठ्याने हसायला, मधल्या सुट्टीत स्कर्ट खोचून कबड्डी खेळायला, पाळी आली की बाकावरून बाकावर कुजबुजत पॅड मागायला तिथे कोणाची चोरी नव्हती. पाचवीत मी आले तेव्हा "आमी" आणि "नाय" बोलायचे. पुढच्या बाकावरची सई माझी नक्कल करायची. तूच तिला एकदा सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुला तिच्यासारखं बोलता येतं का आधी बघ, मग हस." हेतल, त्या दिवसापासून मी तुझी झाले. तू वर्गाची मॉनिटर, बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानवाल्यांची लेक, बाईंची लाडकी, आणि तू माझ्या बाकावर येऊन बसलीस. घरी जाऊन मी आईला तुझ्याबद्दल इतकं सांगितलं की ती म्हणाली, आन तिला एकदा, बघू तरी.

मग तू यायला लागलीस. आईने पहिल्या दिवशी तुझ्यासाठी वेगळ्या भांड्यात बटाट्याची भाजी केली होती, आठवतं? तुमच्यात चालत नाही, पोर बाटायला नको, म्हणून स्वतः दहा वेळा हात धुतले. आणि तू काय केलंस? माझ्या ताटातली जवळ्याची वडी उचललीस आणि तोंडात टाकलीस. मी ओरडणार तेवढ्यात दुसरी उचललीस. आई तर घाबरून भिंतीला टेकली. सुकी बारीक कोळंबी आहे ती, हे तुला खाऊन झाल्यावर सांगितलं, तर तू म्हणालीस, "काकी, अजून आहेत?" नंतर प्रत्येक वेळी आई तुझ्यासाठी मिरची कमी घालून वेगळ्या वड्या तळायची. जवळा माझ्या मामीने खाडीवर वाळवलेला, उलव्याच्या बाजूचा. आता मामीचं गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं, तिथे जवळा नाही आणि मामीही इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहते. तू हात चाटत म्हणायचीस, "काकी, माझ्या घरी कळू देऊ नका हं." आणि आई म्हणायची, "माज्या पोटात ऱ्हाईल गं बाय." राहिलं. नववीपर्यंत तरी आमच्या घरातून ती गोष्ट बाहेर गेली नाही.

आता नववीचा भोंडला. तू म्हणशील, ते अजून धरून बसलीस? हो, बसलेय.

आमच्या गावात भोंडला नव्हता. हस्ताचा पाऊस असतो, त्या वेळी शेतात काम असतं, पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायला कोणाला वेळ? मला ते शाळेतच कळलं आणि फार आवडलं. सगळ्यात जास्त आवडायचं ते शेवटी खिरापत ओळखणं. बंद डबा हलवायचा, गोड की तिखट विचारायचं, नावं घेत सुटायचं. ओळखता आली नाही तर आणणारीची कॉलर ताठ. त्या वर्षी खिरापत आणायची पाळी माझी होती. शाळेचा भोंडला दसऱ्यानंतरच्या शनिवारी ठरला होता. मी तुलाच विचारलं, काय आणू? सईच्या आईसारखे पदार्थ माझ्या आईला येत नाहीत. तू डोळे मिचकावून म्हणालीस, "काकींच्या त्या वड्या आण ना. जन्मात कोणाला ओळखता येणार नाहीत." मी म्हटलं, चालेल ना गं? तू म्हणालीस, "मी आहे ना."

मी घरी सांगितलं. आईला क्षणभरही शंका आली नाही, आणि तिचं काय चुकलं? आमच्याकडे नवरात्राचे नऊ दिवस घरात मासळीचा वासही नसतो, आणि दसरा झाला की पहिलं काम म्हणजे सुकी मासळी बाहेर काढायची. देवीचं पाळून झालं, आता सणाचं तोंड गोड करा नाहीतर खारट, असा हिशोब. शाळेनं खिरापत मागितली म्हणजे घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं, एवढं तिला कळलं. पहाटे उठून तिने वड्या तळल्या. कोथिंबीर जास्त घातली. डब्यात खाली केळीचं पान घातलं. मला निरोप देताना म्हणाली, "कोनी वळखली ते येऊन सांग हां."

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू ते आठवत नसशील अशी मला भीती वाटते. फेर संपला. मी डबा घेऊन मध्ये उभी राहिले. तिखट, म्हटलं. तळलेलं. कोथिंबीरवडी? नाही. अळूवडी? नाही. मेथीचे वडे, मुगाची भजी? नाही, नाही. मला किती आनंद झाला होता! सगळ्या हरल्या. मी तुझ्याकडे बघून झाकण उघडलं. सई वाकली आणि किंचाळली, "शी! मासे आहेत!" मुली मागे सरकल्या. हत्तीचा पाट कोणीतरी उचलून बाजूला नेला. अर्ध्या वर्गाच्या घरी रविवारी बोंबील शिजतात, हेतल. पण त्या दिवशी सगळ्या मूग गिळून जमिनीकडे बघत होत्या. मला त्यांचं काही वाटलं नाही. मी तुझी वाट बघत होते.

बाई रागावल्या नाहीत, ते आणखी वाईट. त्यांनी हळू आवाजात विचारलं, हे आणायला तुला कोणी सांगितलं? मी तुझं नाव घेतलं नाही. मग त्या तुझ्याकडे वळल्या. "हेतल, तू हिच्या शेजारी बसतेस. तुला माहीत होतं?" आणि तू खिशातून रुमाल काढलास, घडी न मोडता नाकाला लावलास, आणि म्हणालीस, "नाही बाई. हे काय आहे तेच मला माहीत नाही."

मी तेव्हा एक वाक्य बोलले असते तर तुझं काय झालं असतं, याचा विचार कधी केलास? तुझ्या घरी, तुमच्या मंदिरात, बाजारपेठेत? मी बोलले नाही. आईने दिलेला शब्द माझाही होता. तुझ्या रुमालाकडे बघत मी डब्याला झाकण लावलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. केसाने गळा कापतात म्हणतात, तो कसा हे मला चौदाव्या वर्षी कळलं. तू घाबरली होतीस, मान्य. घाबरलेल्या माणसाने गप्प राहावं. पण तू गप्प राहिली नाहीस, तू रुमाल काढलास.

सोमवारी तू बाकावर येऊन बसलीस आणि मला गणिताची वही मागितलीस. जसं काही झालंच नाही. दहावीच्या निरोप समारंभापर्यंत आपण त्याच बाकावर बसलो, फोटोतही शेजारी आहोत. मुली मला "सुकट" म्हणायच्या तेव्हा तू म्हणायची नाहीस, एवढं खरं. पण अडवायचीही नाहीस. आणि विचुंब्याला पुन्हा कधी आली नाहीस. मी "आम्ही" आणि "नाही" म्हणायला शिकले, इतकं नीट की आता आईशी बोलतानाही तोच 'ह' येतो आणि ती हसते, "माजी पोर शालेतली बाई झाली." ती अभिमानाने म्हणते. मला मात्र दर वेळी तो रुमाल आठवतो.

त्या शनिवारी मी घरी लगेच गेले नाही. तो डबा परत न्यायचा कसा? टाकवतही नव्हता, आईचे हात लागलेले. एसटी स्टँडच्या मागच्या बाकावर बसून मी त्या सगळ्या वड्या एकटीने खाल्ल्या. पोट दुखेपर्यंत. रडत होते, की मिरची लागत होती, कोणाला कळणार? रिकामा डबा घेऊन घरी गेले. आई दारातच उभी होती. डबा हलवून बघितला, खूश झाली. मग विचारलंच, "कोनी वळखली?" माझ्या तोंडून तुझंच नाव आलं. म्हटलं, हेतलनं. सगळ्यांसमोर पटकन ओळखली.

ते उत्तर आईने जपून ठेवलंय. तिला वाटतं, तू भरल्या वर्गात छाती पुढे काढून जवळ्याचं नाव घेतलंस. तेव्हापासून तुझं गुपित गुपित राहिलेलं नाही, अशी तिची समजूत आहे. मावशीला, शेजारच्या सोनाबाईला, कोणालाही सांगते, "गुजरात्याची पोर, पन वाघीन. माज्या वडीला कवा लाजली नाय." मला ते ऐकावं लागतं. माझ्या पदवीपेक्षा जास्त वेळा तिने ही गोष्ट सांगितली असेल.

तर आता ऐक. रविवारी तुम्हा दोघांना नव्या ताटात बिनकांद्याचं जेवण असेल, त्याची काळजी नको. पण जेवण झाल्यावर आई तुझ्यापुढे तोच स्टीलचा डबा ठेवणार आहे, बंद, भावेशसमोर. आणि म्हणणार आहे, "वळख." घरात मासळीला बंदी, तरी तिने जवळा आणून ठेवलाय; वड्या शनिवारी रात्रीच तळणार आहे. मी खूप सांगून पाहिलं, नको, त्याच्यासमोर नको. ती म्हणाली, "एवड्या पोरींसमोर लाजली नाय ती, नवऱ्यासमोर लाजंल व्हय?" खरं सांगितलं तर तिची ती पहाट, ते केळीचं पान, सगळं मातीत जाईल. म्हणून तुला लिहिलं. वडी खाऊ नकोस, तुझ्यावर ती सक्ती नाही. फक्त डबा हातात घे, हलव आणि नाव घे. जवळ्याच्या वड्या, एवढंच, भावेशला ऐकू जाईल अशा आवाजात. तेवढं होणार नसेल तर येऊ नकोस. आजारी पड, गाडी बिघडव, पत्रिका कुरियरने पाठव. आईला वाईट वाटेल, ते मी बघेन. पण आलीस आणि पर्समधून रुमाल काढलास, तर मी दारातच उभी असेन आणि या वेळी मला आईच्या शब्दाची आठवण राहणार नाही. तुझ्यासाठी एकदा खोटं बोलले. त्या खोट्यात तू किती चांगली आहेस, हे एकदा येऊन बघ, आणि जमलं तर तशी हो.

निदान रविवारपर्यंत तुझीच,
संजना