आयरीनकाकूंच्या डब्यातल्या पिशव्या

कॉलम,

मी नगरपालिकेच्या सभेला निघालेय. पोरं आईकडे आहेत, मटण ओव्हनमध्ये आहे.

शेजारच्या आयरीनकाकूंचा लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा आज गाडीवाल्यांनी उचललाच नाही. ‘फार भरलाय’ अशी पट्टी लटकवून गेले. काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या, “थिया, मी एकटी बाई, एवढा कचरा कुठून करीन?” झाकण उघडलं, तर आत आपल्या बाळाचे डायपर आणि माझ्याच निवडणुकीची पत्रकं! रात्री डबे उपसणाऱ्या पॉसम प्राण्यांनी टाकलं म्हणू नकोस, पॉसमना डायपर लागत नाहीत.

आणि मी गावभर सांगत सुटलेय, “कचरा कमी करायचं सरकारी उद्दिष्ट सहज गाठू. लाल डबा पंधरवड्याने उचलला तरी पुरतो. आमचा तर अर्धाही भरत नाही!” तू शेजारी बसून मान डोलावत होतास. आपल्या पिशव्या काकूंच्या डब्यात टाकल्यास त्या माझी लाज राखायलाच, कळतं मला.

पंधरवड्याचा ठराव मी मांडणारच, आणि तो मंजूर करूनच येईन. फक्त तान्ह्या बाळांच्या घरांना जादा डबा मागेन, आणि का मागतेय तेही सगळ्यांसमोर सांगेन.

काकूंना सातला जेवायला बोलावलंय. मी आठला येईन. मधला तास तुझा.

थिया