पदर खांद्यावर राहिला

प्रिय आत्याबाई,

आज सकाळी कंगव्यात केसांचा पुंजका आला आणि तुम्हाला लिहायचं ठरवलं. सासूला पत्र, तेही तिला जाऊन नऊ वर्षं झाल्यावर! हसा खुशाल. पण तुमचाच कॅन्सर मला झालाय, मग दुसऱ्या कुणाला सांगू?

छातीत गाठ लागली तेव्हा शेडमध्ये बेदाणा जाळीवर वाळत होता. माल उतरू दे, मग बघू, म्हणत महिनाभर मी गप्प राहिले. हे कुणाचं बघून शिकले, सांगा बरं?

पंधरवड्यापूर्वी सांगलीला केमोचा पहिला डोस झाला. आधी रक्त, हृदय, सगळं तपासलं. तुमच्या लेकाला सीमेवरून सुट्टी मिळेना, म्हणून मामा सोबत आले. सासऱ्याशेजारी एसटीत एका बाकावर, बावीस वर्षांत पहिल्यांदा! तासगाव मागे पडेपर्यंत आम्ही दोघंही अंग चोरून बसलो होतो.

लाल औषध सुरू झालं. नर्सबाई म्हणाल्या, हात अजिबात हलवायचा नाही. आणि नेमका पदर डोक्यावरून घसरला. समोर मामा! सवयीनं मी सुईचाच हात उचलला. नर्सबाई ओरडल्या. मामा उठले. मला वाटलं, बाहेर जातील. पण ते खुर्ची जवळ ओढून बसले.

"ऱ्हाऊ दे पोरी, पदर खांद्यावरच. आता माज्याम्होरं कसली लाज?"

मग सलाईनकडे बघत म्हणाले, "तवा तिला येवढंच सांगायला पायजे हुतं. केस गेलं तर जाऊ देत म्हणून. मी कवा बोललोच न्हाई." आणि रडले हो आत्याबाई. तुम्ही गेलात तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तुमचाही एकच डोस झाला होता. केस गळायला लागले आणि तुम्ही अडून बसलात. "नवरा जित्ता हाय माजा. सवाशिणीनं बोडकं व्हायचं व्हय?" डॉक्टर सांगत होते, अजून वेळ गेलेली नाही. आणि मी काय केलं? उरलेल्या केसांची तुमची वेणी घालत बसले. वर तुमच्या लेकाला म्हणाले, आत्याबाईंना नको तर नको. फार शहाणी समजत होते स्वतःला! ते बोलणं मला आजही खातं.

पण तुमचाही राग येतो. एका वेणीपायी गेलात? आम्हाला काहीच किंमत नव्हती का?

आज दुपारी अंगणात शेडवरची जुनी जाळी अंथरली आणि मामांनीच माझे केस कापले. एवढी वर्षं द्राक्षाची छाटणी केलेला माणूस, पण बटेला कात्री लावायला धजेना. "लय बारीक झालं का गं?" दर दोन मिनिटांनी विचारत होते. शेवटी मलाच हसू आलं. तोंड आलंय म्हणून संध्याकाळी त्यांनी मऊ भात केला. करपलाच, पण मी खाल्ला.

मंगळवारी दुसरा डोस आहे. तुम्ही जिथून परत फिरलात तिथून मी पुढे जाणार आहे, सगळे डोस घेणार आहे. शब्द देते. डोक्यावर केस नसतील, पदरही नसेल. कुंकू मात्र तुमच्या करंड्यातलं, चांगलं रुपयाएवढं लावून जाईन.

तुमची सून,
सुमन