कोरड्या विहिरीतली गाणी

पुणे,
४ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
गोकुळचा शि. सा. न.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहितो. आमच्या बँडचा पहिला अल्बम अडलाय. दुष्काळाच्या साली आपल्या कोरड्या विहिरीत उतरून आम्ही गाणी रेकॉर्ड केली होती, आठवतं? तुम्ही त्याला भूतबाधा म्हणायचात, आम्ही सायकेडेलिक रॉक म्हणतो. तीच ऐकून म्युझिक कंपनीनं बोलावलं. पण त्यात जनरेटरची घरघर आहे, तशी बाहेर काढता येत नाहीत. स्टुडिओत यंत्रानं घुमवलं की न्हाणीघरात गायल्यासारखं वाटतं. कंपनीला विहिरीतलाच आवाज हवा, तोही मे संपायच्या आत.

दोन दिवस विहीर उपसून द्याल का? फार थकलोय, बाबा.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

आपला,
गोकुळ


डोणगाव,
११ एप्रिल

चि. गोकुळ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई म्हणते, पोरगं तिकडे सुकून राह्यलं. मी म्हणतो, त्याच्या डोक्यात ऊन चढलं. गेल्या वर्षी विहीर खोल केली तेव्हा कुठे झरे लागले. शेजारच्या जहांगीरभाईच्या घरचं प्यायचं पाणीही इथूनच जातं. भर उन्हाळ्यात ते ओतून देऊ? जमणार नाही. तुझा बापही थकलाय.

वेळेवर जेवत जा आणि आमची आठवण असू दे.

तुझा,
बाबा


पुणे,
१९ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुमचं बरोबर आहे. मी मागायलाच नको होतं. आमचा ड्रमवाला ऋत्विक नोकरीला लागला, मीही शोधतोय. महिनाअखेर कंपनीला नाही म्हणून कळवतो.

काल जुनी रेकॉर्डिंग ऐकली. एका गाण्याच्या मधोमध तुम्ही काठावरून ओरडता, की भाकर थंडी होऊन राह्यली, वर या बे. तेव्हा मी चिडलो होतो. आता तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकतो.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

आपला,
गोकुळ


डोणगाव,
२७ एप्रिल

चि. गोकुळ यास,
अनेक आशीर्वाद.

कंपनीला कळवलं नसशील तर थांब.

तुझं पत्र जहांगीरभाईला वाचून दाखवलं. तो म्हणाला, भाऊ, आम्ही टाक्या भरून ठेवतो, पोराचं काम होऊन जाऊ द्या. मोटर लावली, पाणी त्याच्या संत्र्याला सोडलं. संध्याकाळी तळ दिसला. सकाळी पाहतो तर विहीर होती तेवढी भरलेली. पुन्हा उपसली, पुन्हा भरली. जन्मभर पाण्यासाठी आभाळाकडे पाहत आलो रे. पाणी आल्याचं वाईट मात्र पहिल्यांदाच वाटलं.

थकून तिथेच पायरीवर बसलो आणि उगाच तुझ्या नावानं हाक मारली. घुमली. पहिल्यासारखी नाही, पाण्यावरून थरथरत आली, पण घुमली. जहांगीरभाईनंही ऐकली. तुझी आई म्हणे, हे येडे झाले.

नोकरीचं मग पाहू. ऋत्विकलाही सुट्टी काढायला लाव. पोरं घेऊन ये, पायऱ्यांवर बसून वाजवा. जनरेटर दूर बांधावर ठेवू.

भाकरीसाठी हाक मारायला मी काठावर आहेच.

तुझा,
बाबा